हरवल्यास संपर्क

चिठ्ठीबाईंना चिठ्ठीबाई म्हणायला सुरुवात कोणी केली, यावर इस्पितळाच्या तळघरात अजून दोन मतं आहेत. लिफ्टवाला म्हणतो मी, एक्स-रेचा शिपाई म्हणतो मी. नाव बसलं ते मात्र बसलंच. बाईंना त्याचा राग नव्हता. ज्या नावाने माणूस नेमका सापडतो ते नाव चांगलं, याहून जास्त अपेक्षा त्यांनी कुठल्याच नावाकडून केली नव्हती. निदान स्वतःच्या बाबतीत केली नव्हती, असं त्या बावीस वर्षं स्वतःला सांगत आल्या होत्या.

वरच्या मजल्यांवर रोज शेकडो माणसांच्या छातीचे, गुडघ्यांचे, डोक्यांचे फोटो निघत आणि सगळे खाली बाईंच्या डिस्कवर येऊन साठत. सहा उंच कपाटं, प्रत्येकात डिस्कच्या रांगा, आणि यंत्रं तापू नयेत म्हणून अशी थंडी की भर उन्हाळ्यात बाई स्वेटर घालून बसत. पंख्यांचा आवाज इतका की तिथे काम करणाऱ्याला घरीही ओरडून बोलायची सवय लागावी. बाईंचं उलटं झालं. खाली कोणाला ऐकूच जात नाही म्हटल्यावर त्यांनी बोलणंच कमी केलं.

एकटी डिस्क आज ना उद्या मरते. म्हणून दहा-बारा डिस्क एकत्र बांधून त्यांचा एक साठा करतात. एखादी गेली तर बाकीच्या मिळून तिचं ओझं उचलतात आणि तिच्या रिकाम्या घरात नवी बसवता येते. या साठ्याला तिथे सगळे पूल म्हणत. बाईंचं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्यामुलाने आपल्या बहिणीला कौतुकाने सांगितलं, "ती पूल बांधते." बहिणीने ते चार घरी पोहोचवलं. लग्नानंतर वर्षभर नणंद भेटली की विचारायची, "काय वहिनी, यंदा कुठल्या नदीवर?" बाई हसून म्हणायच्या, "यंदा नदी कोरडी आहे." समजावून सांगायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

बाईंच्या कामाचे नियम थोडे होते, पण त्यात देवाचीही गय नव्हती. पहिला नियम असा की डिस्कला कधी यंत्राने दिलेल्या क्रमांकाने ओळखायचं नाही. यंत्र सुरू होताना ज्या डिस्क ज्या क्रमाने जाग्या होतात त्या क्रमाने ते त्यांना नंबर देतं, आणि उद्या पुन्हा सुरू केलं की कालची तिसरी आज चौथी झालेली असते. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाईंनी अशाच एका तिसरीवर विश्वास ठेवला आणि भलतीच डिस्क पुसली. दुसरीकडे प्रत होती म्हणून निभावलं, पण परत सगळं उभं करायला तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांत बाईंच्या घशाखाली घास उतरला नाही. दुधाने तोंड पोळलं, तेव्हापासून त्या ताकही फुंकून पीत आल्या. कारखान्यातून डिस्कच्या अंगावर जो क्रमांक कोरून येतो त्याची शेवटची चार अक्षरं, कपाट, रांग आणि घर, एवढं पट्टी छापायच्या छोट्या यंत्रावर छापायचं आणि दर्शनी बाजूला चिकटवायचं. दोन्ही टोकांपासून मध्याकडे अंगठ्याने दाबत यायचं, म्हणजे पट्टी सुटत नाही.

दुसरा नियम, डिस्क शेवटपर्यंत भरायला द्यायची नाही. आधी तिचा एक भाग आखायचा आणि टोकाला थोडी जागा मोकळी सोडायची. एकाच मापाच्या म्हणून विकलेल्या दोन डिस्कमध्ये केसभर फरक निघतो. जुनी काठोकाठ वापरलेली असली आणि बदली आलेली केसभर लहान निघाली, की पूल तिला आत घेत नाही. वरचे साहेब विचारायचे, "बाई, एवढी जागा फुकट का घालवता?" बाई म्हणायच्या, "मागाहून येणारीसाठी ठेवते."

आणि तिसरा नियम, जुन्या नावावर नवं नाव जबरदस्तीने लिहायचं नाही. पुलात घेतलेल्या प्रत्येक डिस्कच्या आत तो पूल आपलं नाव लिहून ठेवतो, आणि एकदा नाही, चारदा. दोनदा सुरुवातीला, दोनदा शेवटाला. नवखी माणसं सुरुवात पुसतात आणि पाटी कोरी झाली असं समजतात. दुसऱ्या यंत्रात घातली की तीच डिस्क सांगते, मी अमक्या घरची. मग यंत्र विचारतं, हिच्यावर आधीचं नाव आहे, तरी जबरदस्ती करायची का? इथे बाकीचे खुशाल हो म्हणून मोकळे होतात. बाई उठायच्या, डिस्क बाहेर काढायच्या, चष्मा कपाळावर चढवून अंगावरचा क्रमांक वाचायच्या, आणि ती खरंच कोणाच्या वापरात नाही याची खात्री झाल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एक फोटो हरवला नाही. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. याच नियमाने बाईंचं घर बुडवलं, म्हणून सांगतो.

लग्न झालं तेव्हा बाई बत्तीस वर्षांच्या होत्या. नवऱ्याची पहिली बायको दीड वर्षापूर्वी गेली होती आणि मागे सात वर्षांची मुलगी होती. वडील तिला छकुली म्हणायचे. कचेरीत सह्या करून दोघं दुपारी घरी आले तेव्हा शेजारच्या काकू बैठकीत बसल्या होत्या. काकू मनाने चांगल्या, तोंडाने सैल. बाईंना बघून त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते काही उगीच नाही." बाईंना तो आशीर्वाद वाटला.

छकुली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दोन वेण्या, त्यातली एक सुटत आलेली. तिने बाईंकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मी तुला काय म्हणू?"

बाईंच्या डोक्यात त्या क्षणी जे आलं ते तळघरातून आलं. हिच्यावर आधीचं नाव आहे. जबरदस्ती करायची का? त्या खाली बसल्या, मुलीची सुटलेली वेणी हातात घेतली आणि म्हणाल्या, "मावशी म्हण मला. आई तुझी एकच, ती तीच राहणार. तिची जागा मी घेणार नाही."

"बरं," छकुली म्हणाली आणि अभ्यासाला निघून गेली. नवऱ्याने तोंड फिरवून डोळे पुसले. काकूंनी हे वाक्य मजलाभर सांगितलं. बाईंनाही मनातून वाटलं की आपण आयुष्यात एखादी गोष्ट अगदी अचूक केली असेल तर ती हीच.

स्वयंपाकघरात फळीवर डबे होते. साखर, मीठ, तांदूळ, डाळ, चहा, प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी. अक्षर गोल आणि घाईचं, साखरेतल्या ख ची शेपटी लांब खाली ओढलेली. बाईंनी ओळखलं की ही पहिल्या बायकोच्या हातची अक्षरं. त्यांनी एकाही चिठ्ठीला हात लावला नाही. पुढे नवऱ्याला मधुमेह निघाला, घरात साखर नावाला उरली आणि त्या मोठ्या डब्यात बाई डाळ भरायला लागल्या, तरी वर साखर ती साखरच. डाळीचा डबा गंजला तेव्हा त्यांनी वाफेवर धरून चिठ्ठी सोडवली आणि नव्या डब्यावर लावली. कागद पिवळा पडला तेव्हा वरून पारदर्शक चिकटपट्टी मारली. तळघरात अशी खोटी चिठ्ठी दिसती तर त्यांनी कोणालाही फाडून खाल्लं असतं. घरी त्या रोज साखरेतून डाळ काढत राहिल्या.

घरातही त्या तशाच राहिल्या, टोकाची थोडी जागा सोडून. कपाटात एक कप्पा. भिंतीवर त्यांचा एकही फोटो नाही. छकुलीच्या शाळेच्या डब्यावर, छत्रीवर, कंपासपेटीवर मात्र बाईंची छापील पट्टी असायची. तिचं नाव, आणि खाली: हरवल्यास संपर्क, मावशी, आणि तळघरातला फोन नंबर. मुलगी वेंधळी होती. वर्षातून चारदा तरी छत्री हरवायची आणि चारही वेळा ती परत यायची.

अकराव्या वर्षी छकुलीला मोठा ताप आला. तीन दिवस उतरेना. दुपारी बाई तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसल्या होत्या, तेवढ्यात पोर डोळे मिटूनच कण्हायला लागली, "आई... आई गं..." त्या उठल्या, बैठकीतला पहिल्या बायकोचा फोटो खुंटीवरून काढला आणि आणून तिच्या उशाशी ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन, तोंडात पदर कोंबून रडल्या. पोरीला जी हवी ती आपण नाही, आणि होणारही नाही, हे त्यांना त्या दुपारी कळलं. कळलं असं त्यांना वाटलं.

तरी त्या एका हाकेची वाट बघणं काही सुटलं नाही. शाळेचा निकाल लागला, कॉलेज झालं, पहिली नोकरी लागली, प्रत्येक वेळी मुलगी धावत दारातून आत यायची आणि बाईंचा जीव कानात यायचा. "मावशी, झालं गं!" ती म्हणायची. बाई पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून हसायच्या. मुलगी वाईट नव्हती, जीव लावणारी होती. बाईंनी सांगितलं होतं तेच ती म्हणत होती, तक्रार करणार कोणाकडे?

दोन वर्षांपूर्वी नवरा गेला. शेवटच्या दिवसांत बाईंना म्हणाला, "अगं, छकुलीला सांभाळ." सत्तावीस वर्षांच्या मुलीला कोण सांभाळणार. यंदा तिला समुद्रापलीकडे नोकरी लागली, तीही कायमची. निघायच्या आदल्या दुपारी दोघी स्वयंपाकघरात सामान भरत बसल्या. बाईंनी ऑफिसातलं पट्टी छापायचं यंत्र बॅगेसाठी म्हणून मागून आणलं होतं. फळीवरचे डबे त्यांनी सकाळीच धुऊन, पुसून, रिकामे करून ओळीने ठेवले होते.

"हे कशाला काढलेस?" छकुलीने विचारलं.

"तुझ्यासाठी. सगळे नाही नेता येणार, पण एक-दोन ने. तुझ्या आईचं अक्षर आहे ते."

छकुलीने साखरेचा डबा उचलला, चिकटपट्टीखालची पिवळी चिठ्ठी पाहिली आणि तिला काही समजेना. "हे आईचं अक्षर नाही, मावशी. हे काकूंचं. आई गेल्यावर बाबांना काही सापडायचं नाही, चहात मीठ घालायचे. म्हणून काकूंनी चिठ्ठ्या लावून दिल्या. आई कशाला चिठ्ठ्या लावेल, तिला माहीतच होतं की कशात काय ते."

क्रमांक वाचल्याशिवाय एका डिस्कला हात न लावणारी बाई बावीस वर्षं शेजारणीच्या अक्षरापुढे मान खाली घालून डाळ काढत होती. विचारायला एक मिनिट लागलं असतं.

"तू म्हणून त्या ठेवल्यास?" छकुली म्हणाली. "मला वाटायचं तुला आळस आहे."

"मला वाटलं, तुला त्या हव्या असतील."

"मला काय हवं ते तू कधी विचारलंस?" ती हे रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि झाकण उघडझाक करत होती. "तू आलीस ना, त्याच्या आधी आठ दिवस मी न्हाणीघरात दार लावून म्हणून बघत होते. आई. आई, वेणी घाल. आई, भूक लागली. बाबा म्हणाले होते की नवी आई येणार. मी विचारलं फक्त यासाठी की तू हो म्हणावंस. आणि तू म्हणालीस, मावशी म्हण."

"अगं, मला वाटलं, मी तिची जागा घेतली असं तुला—"

"काकू बाहेर म्हणत होत्या, माय मरो पण मावशी जगो. मला तेव्हा वाटलं, मावशी यावी म्हणून माय मेली. कितीतरी दिवस मला तो शब्दच तोंडात घ्यायला नको वाटायचा. मग सवय झाली."

बाईंनी तिच्या हातातला डबा काढून घेतला आणि फळीवर ठेवला, मग पुन्हा खाली घेतला. शेवटी त्या म्हणाल्या, "पण तापात तू तिला हाका मारत होतीस. मी ऐकलंय."

छकुलीने वर पाहिलं. "तुला मारत होते. ताप होता म्हणून धीर झाला. आणि तू उठून गेलीस. मला वाटलं, पाणी आणायला गेलीस. तर फोटो आणून ठेवलास."

शेजारच्या घरात कोणीतरी नळ सोडला होता, बादली भरल्याचा आवाज येत होता. बाईंना वाटलं, आत्ता जमिनीवर डोकं आपटावं. पोरीने दोनदा दार वाजवलं होतं आणि दोन्ही वेळा आपण आतून कडी लावली, वर त्याला मोठेपणा म्हणालो. त्यांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. आता मागितलं.

"आता म्हण की गं. एकदा."

छकुलीने खरोखर प्रयत्न केला. बाईंना तो दिसला. तिने श्वास घेतला, ओठ उघडले, आणि तिचे डोळे भरून आले. "नाही येत जिभेवर," ती म्हणाली. "खोटं वाटेल गं मावशी. तुला पण कळेल ते." आणि तिने बाईंच्या मांडीत डोकं खुपसलं. बाई तिच्या केसांतून हात फिरवत होत्या, आता वेण्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी यायच्या आधी बॅगेवर पट्टी लावायची राहिली होती. बाईंनी यंत्र हातात घेतलं. मुलीचं नाव छापलं. हरवल्यास संपर्क, छापलं. मग दोन अक्षरं दाबली. यंत्राच्या इवल्याशा पडद्यावर आई उमटलं आणि पुढे ती बारीक रेघ उघडझाप करत थांबली. छकुली बुटांची नाडी बांधत होती. बाई पडद्याकडे पाहत राहिल्या. मग आत नाही ते बाहेर लिहायचं नाही, या सवयीने बोट खोडायच्या कळीवर गेलं. दोन्ही अक्षरं पुसून त्यांनी मावशी असं लिहिलं, खाली नंबर लिहिला आणि पट्टी काढली. छकुलीने ती बॅगेवर लावली. दोन्ही टोकांपासून मध्याकडे, अंगठ्याने दाबत. हे तिला बाईंनीच शिकवलं होतं.

गाडी गेल्यावर बाई घरी थांबल्या नाहीत. तळघरात एक डिस्क मरायला टेकली होती, ती बदलायची होती. नवी आणलेली जुन्यापेक्षा केसभर लहान निघाली. टोकाला सोडलेली जागा कामाला आली आणि ती बिनतक्रार आत बसली. बाईंनी क्रमांक वाचला, चिठ्ठी छापली, लावली. मग स्वेटरच्या बाह्या ओढून खुर्चीवर बसून राहिल्या. पंखे घोंघावत होते, त्यामुळे त्या मोठ्याने रडल्या तरी कोणाला ऐकू आलं नाही.

दुपारी टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी डोळे पुसून उचलला. दुसरीकडे विमानतळाच्या सामान खात्यातला कोणी माणूस होता, घाईतला, पण सभ्य.

"एक बॅग इथेच राहिली आहे. प्रवासी पुढे गेल्या. बॅगेवर तुमचा नंबर आहे म्हणून केला."

"हो, हो. माझ्या मुलीची आहे. वेंधळी आहे हो ती पहिल्यापासून."

"काळजी नको, उद्याच्या विमानाने पाठवतो. फक्त नोंदीसाठी विचारतो, आपण त्यांच्या कोण?"

बाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. खोलीत कोणी नव्हतं. जो शब्द त्यांनी बावीस वर्षांत स्वतःबद्दल एकदाही उच्चारला नव्हता, तो त्या पंख्यांच्या आवाजावरून ऐकू जावा इतक्या मोठ्याने म्हणाल्या.

"आई. मी आई तिची."

पलीकडे तो बॅग फिरवून पाहत असावा.

"इथे तर मावशी लिहिलंय," तो म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या. "मीच लिहिलंय ते."